पुलाच्या मॉडेलमध्ये गर्डर आणि बेअरिंग जागेवर कसे बसवावेत

उड्डाणपुलाचे मॉडेल करायला बसलेला नवा अभियंता बहुधा पिअरपासून, म्हणजे पुलाच्या खांबापासून, सुरुवात करतो. साइटवर आधी पिअर उभा राहतो, मग त्याच्या माथ्यावरची कॅप, मग गर्डरला टेकू देणारे बेअरिंग आणि शेवटी स्लॅब पेलणारी तुळई, म्हणजे गर्डर, चढतो, त्यामुळे संगणकावरही तोच क्रम स्वाभाविक वाटतो. भूमितीचा क्रम मात्र नेमका उलटा आहे. आधी रस्त्याची पातळी आणि वळण ठरते, त्यावरून गर्डरची जागा, गर्डरवरून बेअरिंगची, बेअरिंगवरून त्याखालच्या छोट्या ओट्याची, म्हणजे पेडेस्टलची, आणि पिअर कॅपचा माथा सर्वांत शेवटी निघतो. हा क्रम मोडला की मॉडेल चालते, आकडेही देते, पण त्यातले बेअरिंग हवेत तरंगत असते किंवा गर्डरच्या पोटात शिरलेले असते. मिडास सिव्हिल, सीएसआय ब्रिज, स्टाड प्रो किंवा ओपनब्रिज मॉडेलर यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर वापरले तरी मेनूंची नावे तेवढी बदलतात. भरायची माहिती आणि होणाऱ्या चुका त्याच राहतात.

मूळ बिंदू आणि पातळीचा संदर्भ

मुंबईत सर्वेक्षणाची फाइल अनेकदा यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यातील निर्देशांकांत हाती येते. त्यात शहरातील बिंदूंचा पूर्वांक साधारण २ लाख ७४ हजार मीटरच्या आसपास आणि उत्तरांक २१ लाखांच्या घरात असतो. एवढे मोठे आकडे विश्लेषणाच्या मॉडेलमध्ये तसेच ठेवले तर मिलिमीटरच्या भूमितीत अचूकता हरवू शकते आणि नोड, म्हणजे मॉडेलमधले जोडबिंदू, निवडतानाही गोंधळ होतो. म्हणून पहिल्या अबटमेंटजवळचा, म्हणजे पुलाच्या टोकाच्या आधाराजवळचा, एक बिंदू मूळ धरावा, सर्व निर्देशांकांतून त्याचे आकडे वजा करावेत आणि वजा केलेली रक्कम मॉडेलच्या पहिल्याच टिपेत लिहून ठेवावी.

येथे सहज निसटणारी आणखी एक गोष्ट आहे. मुंबई या पट्ट्याच्या मध्य रेखावृत्तापासून, म्हणजे ७५ अंश पूर्वेपासून, सव्वादोनशे किलोमीटर पश्चिमेला असल्याने यूटीएमवरचे अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरमागे सुमारे २३ सेंटिमीटर जास्त भरते. ३० मीटरच्या गाळ्यात, म्हणजे दोन पिअरांमधल्या अंतरात, हा फरक ७ मिलिमीटर होतो. एका गाळ्यात तो एक्स्पान्शन जॉइंटच्या, म्हणजे दोन गाळ्यांमधल्या सांध्याच्या, फटीत लपून जातो, पण वीस गाळ्यांच्या उड्डाणपुलात तो साठत जाऊन १४ सेंटिमीटर होतो आणि शेवटच्या पिअरवर बेअरिंगची रेषा सरकलेली आढळते. सर्वेक्षकाने आकडे जमिनीवरच्या अंतराला जुळवून दिले आहेत की नाहीत, हे विचारूनच पुढे जावे.

पातळीच्या बाबतीत महापालिकेच्या नकाशांवर टाउन हॉल डेटम (टीएचडी) हा पातळीचा संदर्भ वापरलेला असतो. त्याचे शून्य समुद्रसपाटीच्या बरेच खाली असल्याने सखल भागातला साधा रस्ताही २७-२८ मीटरवर दिसतो, तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या पातळ्यांत तोच रस्ता अवघ्या काही मीटरवर असतो. दोन्ही एकत्र आले तर वीस मीटरांहून मोठा फरक पडतो आणि तो लगेच डोळ्यांत भरतो, म्हणून त्याची फारशी भीती नाही. खरी अडचण जुन्या बांधकामाशी जोडणी असते तेथे येते. अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली तेव्हा नवा पूल आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या पातळ्यांतला फरक साऱ्या शहराने पाहिला, आणि पुढे बर्फीवालाचा भाग जॅकने उचलून दोन्ही पूल जोडण्यात आले. जोडणीच्या टोकाशी जुन्या पुलाचा माथा प्रत्यक्ष मोजून तो मॉडेलमध्ये वेगळा बिंदू म्हणून घालावा. जुन्या ड्रॉइंगवरची पातळी नुसती संदर्भाला ठेवावी.

आधाररेषा आणि तिरपेपणा

अलाइनमेंट, म्हणजे रस्त्याची मधरेषा, घातल्यावर प्रत्येक पिअरच्या चेनेजवर, म्हणजे रस्त्याच्या लांबीवरच्या अंतरावर, आधाररेषा टाकायची असते. रेल्वे रूळ, नाला किंवा खालचा रस्ता काटकोनात ओलांडण्याचे भाग्य मुंबईत क्वचितच मिळते, त्यामुळे ही रेषा बहुधा तिरपी असते. सॉफ्टवेअर स्क्यूचा, म्हणजे तिरपेपणाचा, कोन विचारते तेव्हा तो कोन रस्त्याच्या लंबापासून मोजलेला आहे की रस्त्याच्या रेषेपासून, आणि धन चिन्ह घड्याळाच्या दिशेने आहे की उलट, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या सॉफ्टवेअरच्या मदत-पुस्तिकेतून आधी शोधावीत. ३० अंशांचा स्क्यू ६० अंश म्हणून भरला तर चूक चित्रातच दिसते. चिन्हाची चूक तशी दिसत नाही.

ती मी स्वतः केली आहे. एका उड्डाणपुलाच्या प्राथमिक टप्प्यावर ३० अंशांचा स्क्यू मी उलट चिन्हाने भरला. मॉडेल आरशातल्यासारखे उलटे झाले, पण आघूर्ण (वाकवणारा परिणाम), रिअॅक्शन (आधारावरचे बल), विक्षेप (गर्डरचे झुकणे) यांचे आकडे तेच राहिले, कारण आरशातला पूलही तितकाच मजबूत असतो. जवळजवळ दोन आठवडे कोणाच्याही लक्षात आले नाही. आमच्या ड्राफ्ट्समनने पेडेस्टलचे निर्देशांक सर्वेक्षणावर टाकले तेव्हा एक पेडेस्टल खालच्या रस्त्याच्या मधोमध उतरले. मधल्या गर्डरपासून ६ मीटर अंतरावरच्या कडेच्या गर्डरचे टोक खऱ्या जागेपासून जवळजवळ ७ मीटर सरकले होते. तेव्हापासून आधाररेषा टाकल्याबरोबर, गर्डर येण्याच्याही आधी, तिची दोन टोके सर्वेक्षणाच्या नकाशावर टाकून पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे.

तिरप्या रेषेवर गर्डरमधले अंतर भरतानाही थांबून विचार करावा. ड्रॉइंगवर ३.० मीटर लिहिलेले अंतर गर्डरच्या दिशेला लंब मोजलेले असते. ३० अंशांच्या स्क्यूत तेच अंतर आधाररेषेवर ३.४६४ मीटर होते. काही सॉफ्टवेअर रेषेवरचे अंतर मागतात, काही लंब अंतर मागतात, आणि काहींत दोन्हींपैकी एक निवडता येते. ३.० हा आकडा रेषेवरचे अंतर म्हणून भरला गेला तर गर्डर २.६ मीटरवर येतात, पाच गर्डरांची एकूण रुंदी दीड मीटरहून जास्त कमी होते आणि कडेचा स्लॅब दोन्ही बाजूंना मिळून तेवढाच जास्त बाहेर लोंबतो.

गर्डरची टोके

पिअरची मधरेषा, गर्डरचे टोक आणि बेअरिंगची मधरेषा या तीन वेगळ्या रेषा आहेत. पुष्कळ मॉडेलांत त्या एकाच रेषेवर आणल्या जातात. समजा पिअर ३० मीटरवर आहेत, दोन गाळ्यांच्या गर्डरांमधील फट ४० मिलिमीटर आहे आणि बेअरिंगचे केंद्र गर्डरच्या टोकापासून ५०० मिलिमीटर आत आहे. म्हणजे गर्डरची लांबी २९.९६ मीटर झाली आणि बेअरिंग ते बेअरिंग अंतर २८.९६ मीटर. पिअरच्या मधरेषेपासून बेअरिंग गर्डरच्या दिशेने ५२० मिलिमीटरवर येते. ३० अंशांच्या स्क्यूत हेच अंतर लंब मोजले तर ४५० मिलिमीटर भरते. ड्रॉइंगवर यांपैकी कोणता आकडा लिहिला आहे, याची खात्री करून घ्यावी.

गाळा सरळ ३० मीटर धरला तर गर्डरचे आघूर्ण सुमारे ७ टक्के जास्त येते आणि पुष्कळजण ‘सुरक्षित बाजूला आहे’ म्हणून ते सोडून देतात. पिअरसाठी मात्र हे सुरक्षित नाही. बेअरिंगच्या दोन रांगा मधरेषेवर एकत्र आल्या की एकाच गाळ्यावर वाहने असताना पिअरवर येणारे विकेंद्री आघूर्ण मॉडेलमधून नाहीसे होते.

वळणावरच्या पुलात सरळ गर्डर म्हणजे वर्तुळाची जीवा. ३०० मीटर त्रिज्येवर ३० मीटरचा गर्डर गाळ्याच्या मध्यावर कंसापासून ३७५ मिलिमीटर दूर पडतो. लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, हा हिशेब कागदावरही होतो. जीवेची टोके कंसावर ठेवली तर हा सर्व फरक गाळ्याच्या मध्यावर एकाच बाजूच्या कडेला येतो. जीवा साधारण निम्म्याने, म्हणजे १८५-१९० मिलिमीटर, बाहेर सरकवली तर तो टोके आणि मध्य यांत वाटला जातो आणि कडेचा स्लॅब आटोक्यात राहतो. पिअर त्रिज्येच्या दिशेत असतील तर कडेच्या दोन गर्डरांत १२ मीटर अंतर असताना बाहेरचा गर्डर आतल्यापेक्षा १.२ मीटर लांब होतो. कास्टिंग यार्डातल्या साच्याचा विचार करता लांबीचे प्रकार कमी ठेवणे बरे पडते, पण तो निर्णय संरचना अभियंत्याने घ्यावा. सॉफ्टवेअरमध्ये ‘समांतर’ आणि ‘त्रिज्यीय’ यांपैकी जो पर्याय आधीच निवडलेला असतो, त्याच्यावर तो सोडू नये.

पातळ्यांचा उतरता हिशेब

आता सर्वांत जास्त वेळ द्यावा असा भाग. मधल्या गर्डरच्या बेअरिंगपाशी रस्त्याची पातळी ३६.४०० मीटर आहे असे धरू. वेअरिंग कोट (रस्त्याचा वरचा थर) ६५, डेक स्लॅब २४०, गर्डरची उंची १९००, गर्डरखालील पाचरीसारखी प्लेट मध्यावर ३० आणि बेअरिंग ९५ मिलिमीटर. एकूण २३३० मिलिमीटर. म्हणजे पेडेस्टलचा माथा ३४.०७० मीटरवर आला. इथपर्यंत सारे सरळ आहे.

शेजारच्या गर्डरकडे जाताना रस्त्याला २.५ टक्के आडवा उतार असल्यास ३ मीटरमध्ये ७५ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि बहुतेक हिशेब येथेच थांबतात. पण पूल ३० अंशांनी तिरपा आहे. शेजारच्या गर्डरचे बेअरिंग त्याच चेनेजवर नसून १.७३२ मीटर पुढे किंवा मागे आहे. रस्त्याला २.५ टक्के लांबीचा उतारही असेल तर त्या अंतरात पातळी आणखी ४३ मिलिमीटर बदलते. स्क्यू ज्या बाजूला झुकलेला आहे त्यानुसार हे ४३ आधीच्या ७५ मध्ये मिळवायचे की त्यातून वजा करायचे ते ठरते. शेजारच्या दोन पेडेस्टलांतला फरक एका बाबतीत ११८ मिलिमीटर होतो, दुसऱ्या बाबतीत अवघा ३२. उलट चिन्हाचा स्क्यू येथे पुन्हा गाठतो, कारण भारांचे आकडे तेच राहिले तरी पातळ्या तशा राहत नाहीत.

म्हणून पातळी नेहमी प्रत्येक बेअरिंगच्या स्वतःच्या चेनेज आणि ऑफसेटवरून (मधरेषेपासूनच्या आडव्या अंतरावरून) काढावी. सॉफ्टवेअर ती आपोआप काढत असेल तरी मधला आणि कडेचा असे दोन गर्डर हाताने पडताळावेत. वरच्या पहिल्या बाबतीत पाच गर्डरांमध्ये एकूण फरक ४७२ मिलिमीटर होतो. सर्वांत खालचे पेडेस्टल १५० मिलिमीटर ठेवले तर वरचे ६२२ मिलिमीटरचे होते. एवढे उंच पेडेस्टल आडव्या बलाखाली लहानशा खांबासारखे वागते. अशा वेळी पिअर कॅपचा माथाच उतरता करावा आणि पेडेस्टल आखूड ठेवावीत.

स्लॅब आणि गर्डर यांच्यामधील हाँच, म्हणजे काँक्रीटचा भराव, विसरला जातो, त्याचीही नोंद येथेच घ्यावी. गर्डरचा माथा आडवा आणि स्लॅब २.५ टक्के उतरता असेल तर गर्डरच्या १ मीटर रुंद वरच्या पट्टीवर (फ्लँजवर) एका कडेला २५ मिलिमीटर जागा उरते. शिवाय प्रीस्ट्रेसमुळे, म्हणजे आतल्या ताणलेल्या तारांमुळे, गर्डर वर उचललेला असतो. हिशेबात घ्यायची जाडी गर्डरच्या मधरेषेवर आणि बेअरिंगपाशी मोजलेली असावी.

रस्ता चढत असला तरी बेअरिंग आडवेच बसले पाहिजे, तिरपे बसले तर उभ्या भाराचाच एक घटक त्याला सतत सरकवत राहतो. २.५ टक्के उतारावर ४०० मिलिमीटर लांबीच्या बेअरिंगवर पाचरीच्या दोन टोकांत १० मिलिमीटरचा फरक लागतो. ही पाचर त्रिमितीय मॉडेलमध्ये दाखवावी.

बेअरिंगची दिशा

बेअरिंगला जागेइतकीच दिशाही महत्त्वाची आहे. इलास्टोमेरिक, म्हणजे रबराच्या, बेअरिंगची आखूड बाजू सर्वसाधारणपणे गर्डरच्या लांबीच्या दिशेने ठेवतात, म्हणजे गर्डर वाकताना होणारे वळण त्याला सोपे जाते. तिरप्या पुलात ते गर्डरला समांतर बसते, पिअर कॅपला नव्हे. त्यामुळे त्याचे कोपरे पेडेस्टलच्या बाहेर जात नाहीत ना, हे आराखड्यात पाहावे लागते.

पॉट किंवा गोलाकार प्रकारच्या गाइडेड, म्हणजे एकाच दिशेने सरकू देणाऱ्या, बेअरिंगमध्ये दिशेची चूक महागात पडते. ३० मीटरचा गर्डर २० अंश सेल्सिअसच्या फरकाने ७.२ मिलिमीटर लांब होतो. काही सॉफ्टवेअरमध्ये बेअरिंगचे अक्ष आपोआप आधाररेषेशी काटकोनात धरले जातात. ३० अंशांच्या स्क्यूत गाइड तसाच राहिला तर त्या ७.२ पैकी ३.६ मिलिमीटर हालचाल गाइडच्या आडवी पडते आणि ती अडकते. प्रत्यक्षात तेवढे बल बेअरिंगच्या बाजूच्या पट्टीवर येते. म्हणून प्रत्येक बेअरिंगचा वळणकोन स्वतंत्र भरावा. सरळ पुलात तो गर्डरच्या दिशेने, आणि वळणावरच्या अखंड पुलात स्थिर बेअरिंगकडे रोखलेला किंवा वळणाच्या स्पर्शरेषेत ठेवावा. या दोहोंपैकी काय निवडले ते एक्स्पान्शन जॉइंटच्या निवडीशी जुळले पाहिजे, कारण पहिल्या प्रकारात जॉइंटवर थोडी आडवी सरकही येते.

विश्लेषणाच्या मॉडेलमधील जोडणी

गर्डरचा घटक त्याच्या गुरुत्वमध्यावर किंवा डेकच्या पातळीवर काढलेला असतो आणि बेअरिंग त्याच्या तळाशी असते. मधले अंतर कडक लिंकने, म्हणजे न वाकणाऱ्या काल्पनिक दुव्याने, भरावे: गर्डरच्या नोडपासून तळापर्यंत कडक लिंक, तेथून बेअरिंगच्या उंचीइतकी इलास्टिक लिंक (स्प्रिंगसारखा दुवा), आणि तिच्या खालच्या टोकापासून पिअर कॅपच्या नोडपर्यंत पुन्हा कडक लिंक. ब्रेकिंगचे बल आयआरसी ६ या पूल-भारांच्या भारतीय संहितेनुसार रस्त्याच्या पृष्ठापासून १.२ मीटर उंचीवर घ्यायचे असते. बेअरिंग गुरुत्वमध्यावरच टेकवले तर त्या बलाचा हात निष्कारण आखूड होतो.

मिडास सिव्हिलमध्ये इलास्टिक लिंकचा स्थानिक एक्स अक्ष लिंकच्या लांबीच्या दिशेने असतो. म्हणून उभ्या लिंकमध्ये उभी दृढता एसडीएक्सच्या रकान्यात जाते आणि आडव्या दोन दिशा वाय व झेड होतात. त्या गर्डरच्या दिशेत आणण्यासाठी बीटा कोन, म्हणजे लिंकच्या अक्षाभोवतीचा वळणकोन, द्यावा लागतो. स्टाड प्रोमधून आलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तेथे मुळात वाय अक्ष उभा असतो आणि मिडासमध्ये झेड.

दृढतेचा एक आकडा जवळून पाहू. ४०० गुणिले ५०० मिलिमीटरचे इलास्टोमेरिक बेअरिंग, रबराची एकूण जाडी ६० मिलिमीटर, शिअर मॉड्युलस ०.९ मेगापास्कल. ढोबळ हिशेबाने आडवी दृढता ०.९ गुणिले २,००,००० भागिले ६०, म्हणजे ३,००० न्यूटन प्रति मिलिमीटर. किलोन्यूटन आणि मीटरमध्ये हा आकडा पुन्हा ३,०००च होतो. कोणी मध्येच ३ किलोन्यूटन प्रति मिलिमीटर असे लिहून घेतले आणि मीटरच्या मॉडेलमध्ये नुसते ३ भरले, तर ब्रेक लावताच अख्खा पूल कागदावर कित्येक मीटर घसरतो. ही चूक विकृत आकृती पाहताच कळते, आणि म्हणूनच विकृत आकृती पाहिल्याखेरीज आकड्यांच्या तक्त्याकडे वळू नये.

दुसरी चूक अशी कळत नाही. साध्या टेकलेल्या गर्डरच्या दोन्ही टोकांना तळाशी लांबीची हालचाल रोखली, तर गर्डर वाकताना त्याचा तळ बाहेर सरकू पाहतो, तो अडतो, अक्षीय बल तयार होते आणि मध्यावरचे आघूर्ण खोटेच कमी दिसते. यासाठी एकट्या गर्डरवर स्वतःचे वजन लावून पाहावे. प्रति मीटर २० किलोन्यूटन आणि २८.९६ मीटर गाळा यांना सुमारे २,०९७ किलोन्यूटन-मीटर आघूर्ण आले पाहिजे आणि अक्षीय बल शून्य. आघूर्ण त्याहून बरेच कमी दिसले तर एका टोकाची हालचाल मोकळी करायची राहिली आहे.

गर्डरचे वजन आणि ओला स्लॅब एकट्या गर्डरवर येतो, हे बांधकामाच्या टप्प्यांत दाखवावे. सारा पूल एकाच वेळी उभा केला तर हे भार आडव्या दिशेने वाटले जातात आणि बेअरिंगच्या रिअॅक्शन चुकतात. तिरप्या पुलात विशालकोनाच्या कोपऱ्यातले बेअरिंग जास्त भार घेते आणि लघुकोनाचे हलके होते. वळणाच्या पुलात आतल्या बाजूचे हलके होते. त्या बेअरिंगवर उचल येत असेल तर ती बांधकामाच्या क्रमासह काढलेली असावी.

साइटला द्यायचा तक्ता

शेवटी प्रत्येक बेअरिंगसाठी एक ओळ असलेला तक्ता मॉडेलमधून काढावा: क्रमांक, पूर्वांक, उत्तरांक, पेडेस्टलच्या माथ्याची पातळी, प्रकार, दिशेचा कोन, कमाल व किमान उभा भार, आणि दोन्ही दिशांची हालचाल. मूळ बिंदूसाठी वजा केलेले आकडे पुन्हा मिळवून खरे निर्देशांक लिहावेत आणि डेटमचे नाव तक्त्याच्या मथळ्यातच असावे. दिशेचा कोन उत्तरेपासून दिला तर सर्वेक्षकाला तो थेट वापरता येतो. ‘आधाररेषेपासून’ असे लिहिले तर त्याला फोन करून विचारावे लागते, आणि रात्रीच्या मेगाब्लॉकमध्ये फोन उचलायला कोणी नसते.

या तक्त्यात जॅक लावण्याच्या जागांचा एक रकाना मी नेहमी जोडतो. २०२० च्या सुरुवातीला सायन उड्डाणपुलाची बेअरिंग बदलण्यासाठी तो टप्प्याटप्प्याने वाहतुकीला बंद ठेवावा लागला होता. बेअरिंगचे आयुष्य पुलापेक्षा कमी असते, त्यामुळे ती बदलण्याची वेळ येणारच. टोकाच्या डायफ्रॅमखाली, म्हणजे गर्डरांना जोडणाऱ्या आडव्या तुळईखाली, जॅक मावेल एवढी उंची, कॅपवर त्याला टेकायला जागा आणि तेथून गर्डर उचलताना डायफ्रॅमवर येणारा भार, हे तिन्ही मॉडेलमध्ये आधार बेअरिंगवरून जॅकच्या जागी हलवून एकदा चालवून पाहावे, आणि त्यातून आलेली पेडेस्टलची किमान उंची आधीच्या पातळ्यांच्या हिशेबात परत घालावी.